पेटवून दाखवलेली शेगडी

चाकणच्या एका कारखान्यात मी कास्टिंगच्या तपासणीवर आहे. बावीस वर्षं हेच काम. ओतीव लोखंडाचा भाग टांगायचा, हातोडीनं हलकेच वाजवायचा आणि कान द्यायचा. धड असेल तर आवाज घंटेसारखा घुमतो. आत तडा असेल तर बसका येतो आणि लगेच मरतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना 'ह्याला एवढंही कळू नये?' असं तुमच्या मनात येणारच आहे. कळत होतं हो. तरीही ४८ हजार गेले.

वस्तू म्हणजे कोळशावर चालणारी सिरॅमिकची शेगडी. ग्रिल म्हणा, कामादो म्हणा. २०१६ साली कंपनीनं मला चार महिने अटलांटाजवळ पाठवलं होतं. तिथल्या एका सहकाऱ्याच्या मागच्या अंगणात कमरेएवढं हिरवं अंडं उभं असायचं. शुक्रवारी रात्री त्यात पोर्क ठेवून तो झोपायला जायचा आणि शनिवारी दुपारी ते बोटानं सुटायचं. मध्ये एकदाही कोळसा घातलेला नाही. मी तेव्हाच खुळावलो. कामादो म्हणजे जपानीत चूल. युद्धानंतर जपानात राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी भात शिजवायची तिथली मातीची भांडी घरी नेली, आणि १९७४ साली अटलांटातच बिग ग्रीन एग ही कंपनी निघाली. मातीची जागा पुढे जास्त उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकनं घेतली. तत्त्व मात्र आपल्या तंदूरच्या जवळचंच: जाड भिंत तापते, उष्णता धरून ठेवते. फरक झाकणाचा. खाली हवा आत घेणारं सरकतं दार, वर घुमटावर धूर सोडणारं भोक, आणि आच किती ठेवायची ते सगळं ह्या दोन व्हेंटच्या हातात. दोन्ही किलकिली ठेवली तर १२० अंशांवर दहा-बारा तास सहज. दोन्ही सताड उघडली तर ३०० च्या वर. दोन्ही बंद केली की विस्तव गुदमरून विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळेला कामी येतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

नवी घ्यायची तर अठरा इंची जाळीची शेगडी आपल्याकडे लाखाच्या वर जाते. बायकोनं एवढंच विचारलं, "त्यात वरण-भात होतो का?" मग मी जुनी शोधायला लागलो.

नगर रस्त्याला वाघोलीच्या पुढे हॉटेलांचं जुनं सामान विकणाऱ्याची जाहिरात दिसली. बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधली शेगडी, सागवानी टेबलासकट, ६२ हजार. फोन केला. माणूस गोड. म्हणाला, "साहेब, सकाळी नको. संध्याकाळी या, पेटवून ठेवतो. चालू वस्तू बघून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका."

आता सांगा, ह्यावर संशय कोण घेईल?

साडेसहाला आम्ही पोचलो तेव्हा पत्र्याच्या शेडबाहेर शेगडी मस्त तापलेली. घुमटावरचा काटा १८० वर. झाकण उघडल्यावर आत अख्खी कोंबडी, कातडी सोनेरी झालेली, वास असा की माझं अर्धं डोकं तिथेच बंद पडलं. त्यानं तंगडी तोडून हातात दिली. मी जवळ जाऊन बुडाकडे वाकलो तर म्हणाला, "हात नका लावू साहेब, भाजेल." बरोबरच होतं. आत वाकून बघावं तर काजळी आणि लाल निखारे. बूड टेबलाच्या गोल खाचेत निम्मं गडप. पुढचं सरकतं दार तेवढं दिसत होतं, तेही लखलखीत पुसलेलं.

तापलेली शेगडी वाजवून बघता येत नाही, आतून बघता येत नाही, उचलून बघता येत नाही. म्हणजे माझ्या बावीस वर्षांच्या विद्येचा एकही उपयोग होऊ नये अशी व्यवस्था त्यानं एका कोंबडीत केली होती. त्याच्याकडे बघून मला वाईट वाटण्याऐवजी आता थोडं कौतुकच वाटतं.

सौदा ४८ हजारांवर ठरला. दहा मोबाइलवरून, बाकी रोख. पावती कच्ची, वर ना पत्ता ना जीएसटी नंबर, आणि खाली बारीक अक्षरात 'जुने सामान, आहे तसे'. मी वॉरंटीचं विचारलं. "सिरॅमिकला लाइफटाइम असते साहेब." असतेही. पण ती बहुतेक कंपन्या पहिल्या खरेदीदारालाच देतात, तेही बिल दाखवून; दुसऱ्याच्या हातात गेली की संपली. हे मला नंतर कळलं. मालिका क्रमांकाची पट्टी खरवडलेली होती, त्याचं कारण त्यानं 'धुतल्यावर निघाली' असं दिलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. ही शेगडी ७०-७५ किलोची. हलवताना घुमट उतरवतात, आतली कोळशाची वाटी, कडी, उष्णता अडवणारी थाळी सगळं बाहेर काढतात आणि मग बूड उचलतात. ह्याच्या पोरांनी मात्र सगळं जसंच्या तसं, टेबलासकट, सहा जणांनी उचललं. "मालक बोलले, खोलायची नाही, स्प्रिंग सुटते." मी त्यांना चहा पाजला.

पहिले तीन आठवडे सुखाचे गेले. म्हणजे मला तसं वाटलं. वांग्याचं भरीत असं झालं की आईनं शेजारी वाटी पाठवली. करवंटीच्या तुकड्यांवर कोळसा पेटवायचा, रॉकेलचा थेंबही नाही, कारण सिरॅमिक वास पितं आणि महिनाभर सोडत नाही. आतून पाणी-साबणही लावायचं नाही, तापवूनच स्वच्छ करायची. मटणाची तंगडी पाच तास ठेवली. तिथे पहिल्यांदा खटकलं. खालचं दार जवळजवळ बंद करूनही काटा १६० च्या खाली येईना. आणि रात्री दोन्ही व्हेंट गच्च बंद करून झोपलो, तर सकाळी आत कोळशाचा एक तुकडा नाही. नुसती राख.

मी दोष कोळशाला दिला. इस्त्रीवाल्याकडून आणलेला लोणारी कोळसा होता, निम्मा चुरा. विक्रेत्याला फोन लावला तर म्हणाला, "देशी कोळसा चालत नाही ह्याला. इम्पोर्टेड लागतो, माझ्याकडे आहे." दोन पिशव्या, १,८०० रुपये. त्यातही तळाला चुराच निघाला, आणि पातळ फळीचे सरळ कापलेले तुकडे, एकाला खिळा. फर्निचरचा भंगार जाळलेला, दुसरं काय. फरक शून्य. पुन्हा फोन. "मग गॅस्केट गेलं असेल." घुमट आणि बूड जिथे टेकतात तिथली नमद्याची पट्टी. तीही त्याच्याचकडे होती, २,६०० ला. झाकणात पन्नासची नोट धरून ओढली तर सगळीकडून घट्ट बसत होती, म्हणजे जुनी पट्टी ठीकच होती. तरी मी नवी घेतली. एकदा माणसावर विश्वास टाकला की त्याला वाचवायला आपणच कारणं शोधतो.

खरं कारण साधं होतं. हवा तिसऱ्याच ठिकाणाहून आत जात होती.

भाऊबीजेला ताई, भावोजी आणि भाचे आले. भाच्यांना पिझ्झा हवा. पहिल्यांदाच दोन्ही व्हेंट पूर्ण उघडली. काटा ३२० ला गेला. पहिला पिझ्झा चार मिनिटांत झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा आत सरकवताना 'टक्क' असा आवाज आला. मोठा नाही; गरम कपात गार पाणी ओतल्यावर येतो तेवढा. मग भावोजी म्हणाले, "अरे, हे लाल काय दिसतंय?"

दाराच्या कोपऱ्यापासून मागे जाणारी बुडाची एक रेघ आतून पेटल्यासारखी चमकत होती. बघता बघता ती बोटभर रुंद झाली आणि निखारे टेबलावर पडले. सागवान धुमसायला लागलं. मी दार-झाकण बंद केलं, पण बूडच फाटलेलं, विस्तव कशानं गुदमरणार? आई बादली घेऊन धावली. तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. एवढ्या तापलेल्या सिरॅमिकवर पाणी पडलं असतं तर ते फुटून उडालं असतं, आणि वाफेनं माणसं भाजली असती ती वेगळीच. कुंड्यांसाठी आणलेली वाळू अंगणात होती, ती फावड्यानं ओतली. कुणाला काही झालं नाही. दुसरा पिझ्झा वाळूखाली गेला.

सकाळी गार झाल्यावर सगळं खोललं. आतली कोळशाची वाटी दोन ठिकाणी तडकलेली होती. ते चालतं, ती वाटी बऱ्याच जणांची तडकते आणि तरी वर्षानुवर्षं काम देते, बदलूनही मिळते. बुडाचं तसं नाही. बाहेरून नखानं खरवडलं तर हिरव्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली राखाडी भरणा. फरश्या चिकटवतात तसला लेप. तो भट्टीतला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा मुलामा, नव्हता; वरून मारलेला ऑइलपेंट होता. तडा दाराच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघाला होता, म्हणजे जिथे मी रोज कास्टिंगमध्ये आधी बघतो तिथूनच. शेगडी आधी पडली होती की कुणी पाणी ओतलं होतं, त्यालाच ठाऊक. १८० अंशांवर कोंबडी भाजेपर्यंत तो लेप टिकतो, हे मात्र त्याला नक्की ठाऊक होतं.

आईनं बुडाला बोटानं टिचकी मारली. भद्द. मग घुमटाला मारली. टण्ण. म्हणाली, "दोनशेचा माठ घेताना मी दहा वेळा वाजवते रे."

फोनवर त्यानं शांतपणे पावतीवरची ओळ वाचून दाखवली. पुढच्या वेळी नंबर लागेना. १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण विक्रेत्याचं नाव-पत्ता असलेलं बिल मागितल्यावर मी गप्प. पैसे नुकते गेले असते आणि सगळे ऑनलाइन असते तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करण्यात अर्थ होता. ३८ हजार रोख दिलेल्यानं तिथे काय सांगायचं? वाघोलीला जाऊन आलो. शेड होती, कुलूप होतं.

तुम्ही जुनी घेणार असाल तर गार घ्या. दिवसाउजेडी घ्या, टेबलातून बाहेर काढायला लावा. वाटी-थाळी उपसून बूड रिकामं करा, आत मोबाइलचा टॉर्च ठेवून झाकण लावा आणि शेडच्या अंधारात बाहेरून फिरून बघा. तडा असेल तर उजेडाची रेघ दिसते. ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतात त्यांना घाबरू नका, त्यात नख अडकत नाही. नख अडकलं तर निघून या. आणि वाजवा. 'सिरॅमिक कोटिंग' असलेली पत्र्याची शेगडीही ह्याच नावानं खपवतात, ती दोघांत सहज उचलली गेली तर समजा. चिकन खायला दिलं तर खा, पण आधी नको.

हे सगळं आज लिहायला बसलो कारण आमच्या लाइनवरचा एक मुलगा नाशिकला अशीच शेगडी बघायला जातोय. विक्रेता वेगळा, नंबर वेगळा. मी विचारलं, कधी बोलावलंय? म्हणाला, "रविवारी संध्याकाळी सर. सकाळी नको म्हणाले, पेटवून ठेवतो म्हणाले."

त्याला खणातली माझी हातोडी दिली आणि शनिवारी सकाळी न कळवता जायला सांगितलं.