तीन भोकांचं गॅस्केट

माझी गाडी २००८ ची, चार सिलिंडरची. मीच मालक, मीच ड्रायव्हर. तुर्भ्याहून किराणा भरायचा, नाशिकला उतरवायचा, येताना मार्केटसाठी भाजी आणायची, यावर घर चालतं. या गाडीवर न केलेल्या कामाचे ३४,५०० रुपये एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून घेतले. कसे घेतले ते सविस्तर लिहितोय, कारण जुनी गाडी चालवणारा कुणीही यात सापडू शकतो.

सुरुवात साधी होती. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीतली पातळी दर दोन-तीन दिवसांनी अर्धा लिटर उतरायची. गाडीखाली थेंब नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही. मी वरून नळाचं पाणी टाकत राहिलो. तसं करू नका, त्याने आतून गंज आणि क्षार धरतात. एका रात्री कसारा चढताना काटा लालच्या जवळ गेला. गाडी कडेला घेतली, इंजिन पूर्ण गार होईपर्यंत बसून राहिलो, मग पाणी भरून कसंबसं नाशिक गाठलं.

परत आल्यावर तुर्भ्याच्या पुढे हायवेलगत एक गॅरेज आहे, तिथे गाडी लावली. मिस्त्रीने रेडिएटरचं झाकण काढलं, पाणी भरलं, इंजिन चालू करून रेस दिली. वर बुडबुडे आले. "हे बघा दादा, गॅस मारतोय. हेड गॅस्केट गेलं." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी पातळ चकती म्हणजे हेड गॅस्केट, त्यात प्रत्येक सिलिंडरला एक मोठं भोक असतं. ते जळलं की सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो. माझ्या पोटात गोळाच आला. आता कळतंय की नुकतं पाणी भरलं की आत अडकलेली हवा थोडा वेळ अशीच वर येते. हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबले नाहीत तर शंका घ्यायची. खात्री करायला निळं औषध मिळतं, रेडिएटरच्या तोंडाशी जळलेला गॅस असेल तर त्याचा रंग बदलतो. ऑइलची पट्टी ओढून बघायची, ऑइलात पाणी गेलं असेल तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं. यातलं काहीच त्याने केलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करायला, बाहेर पाठवतो, पाच दिवस लागतील, तुम्ही थांबून काय करणार?" असं म्हणून त्याने मला घरी पाठवलं. सगळा खेळ या एका वाक्यात होता. सहाव्या दिवशी गेलो तर इंजिन धुऊन चकचकीत. पेपरात गुंडाळलेलं जुनं गॅस्केट त्याने हातात दिलं, जळून काळा झालेला कोपरा बोटाने दाखवला. मी तो कोपराच बघितला. २०,००० मोबाईलवरून दिले, उरलेले रोख. बिल म्हणजे वहीतून फाडलेला कागद, त्यावर ना गॅरेजचं नाव, ना नंबर.

बारा दिवस पातळी हलली नाही. तेराव्या दिवशी परत अर्धा लिटर कमी.

मग मित्राने दिघ्यातल्या एका वयस्कर मिस्त्रीकडे नेलं. त्यांनी आधी गाडी गार होऊ दिली. रेडिएटरच्या तोंडावर काट्याचा हातपंप बसवला आणि झाकणावर छापलेल्या ०.९ बारपर्यंत दाब दिला. "आता बोलू नका, काटा बघा." दहा मिनिटांत काटा हळूहळू उतरला. बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन ते गाडीखाली गेले आणि मला बोलावलं. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जाण्याऐवजी तिथून बाहेर यावं म्हणून ते ठेवलेलं असतं. त्या भोकाखाली हिरवट-पांढरा खार जमला होता. थेंब पडायचा, पण गरम इंजिनावर आणि पंख्याच्या वाऱ्यात तिथेच सुकायचा. म्हणून जमिनीवर कधी डाग दिसला नाही.

रेडिएटर खाली केला तेव्हा तपकिरी गाळ आला. गळती बुजवायची पावडर. बारा दिवसांचं गुपित तेच. वर रेडिएटरच्या नळ्याही तिने अर्ध्या बंद केल्या होत्या.

मग या मिस्त्री काकांनी हेडचे बोल्ट दाखवले. वरवर धुतलेले, पण खाचांमध्ये जुनं ऑइल आणि धूळ दगडासारखी बसलेली. पाना लागल्याची एकही खूण नाही. मी सीटमागून ते गॅस्केट काढलं. त्यांनी ते बोनेटवर पसरलं आणि मोठ्या भोकांवर बोट ठेवत मोजलं. एक, दोन, तीन.

"भाऊ, तुमची गाडी किती सिलिंडरची?"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

नवा पंप, रेडिएटरची सफाई, कूलंट आणि मजुरी मिळून ६,८०० रुपये गेले. काम माझ्यासमोर झालं. त्यानंतर पातळी रेषेवर आहे.

पहिल्या गॅरेजवाल्याने "मी असं गॅस्केट दिलंच नाही" म्हणून हात वर केले. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गाडी धंद्याची आहे म्हणून आपण ग्राहक नाही असं बरेच जण धरून चालतात. पण पोटासाठी स्वतः राबणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक कायद्यात जागा आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. माझ्या हातात मोबाईलवरच्या पेमेंटची नोंद, बोल्टचे फोटो आणि काकांनी सहीनिशी लिहून दिलेला कागद आहे. पक्कं बिल आणि गाडी सोडतानाचे फोटो असते तर एवढं झगडावं लागलं नसतं. गॅस्केट गोणपाटात बांधून ठेवलंय, आयोगात जाताना सोबत नेणार आहे.