दसऱ्याआधी एकच तिकीट काढायचं असेल तर: दशावतार, साबर बोंडं की होमबाऊंड?

गुरुवारी, 2 ऑक्टोबर 2025 ला दसरा. त्याच दिवशी ‘कांतारा: चॅप्टर 1’ लागतोय. म्हणजे नाशिकमधल्या पडद्यांची वाटणी बुधवारी रात्री नव्याने होणार, आणि आज चालू असलेल्या तीन चांगल्या सिनेमांपैकी निदान एकाची उचलबांगडी होणार. मी तिन्ही पाहिलेत. ‘घरच्यांना घेऊन एकदाच जायचंय, कुठला बघू?’ असं चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी, हे तिन्ही एकदम का आले ते. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागात यंदा जायचं तर सिनेमा 30 सप्टेंबरच्या आत आपल्या देशात प्रदर्शित व्हावा लागतो. त्यामुळे सप्टेंबरात दरवर्षीच रांग लागते. यंदा ‘दशावतार’ 12 तारखेला, ‘साबर बोंडं’ 19 ला आणि ‘होमबाऊंड’ 26 ला, असे सलग तीन शुक्रवार. ‘साबर बोंडं’ लागला त्याच दिवशी कोलकात्यात ‘होमबाऊंड’ भारताकडून जाणार असं जाहीर झालं. मराठीतून आजवर ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ गेले. त्यातला मधला तर आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांवरचा, त्यामुळे नाशिककरांना या निवडीचं जरा जास्तच वाटतं. मलाही वाटलं. पण निवड कोणाची झाली यावरून तिकीट काढू नका, एवढं आधीच सांगते.

‘दशावतार’बद्दल फार लिहायची गरज नाही, कारण तुमच्या ओळखीतल्या कोणीतरी तो एव्हाना पाहिलेला आहे. सुबोध खानोलकरांचा हा सिनेमा कोकणातल्या एका म्हाताऱ्या दशावतारी कलावंताचा आहे. दिलीप प्रभावळकर 81 वर्षांचे आहेत आणि त्यांनी या भूमिकेसाठी अंग मोडून काम केलंय. रंग लावल्यावर त्यांची मान ज्या पद्धतीने वळते, नुसतं तेवढं बघायला मी पुन्हा जाईन. पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा, म्हणजे मुखवटे लावून नाचवायची देवांची सोंगं, ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल: सोंग चढलं की माणूस तो माणूस राहत नाही. उत्तरार्धात मात्र गोष्ट ताणलीय आणि खलनायक ठोकळेबाज झालेत. तरी आजी-आजोबा, मुलं, सगळ्यांना एकत्र न्यायचं असेल तर हाच सिनेमा. तिसऱ्या आठवड्यातही माझ्या शोला तीन चतुर्थांश खुर्च्या भरल्या होत्या, तेव्हा हा दसऱ्यानंतरही कुठे ना कुठे मिळेल असं वाटतं.

खरा प्रश्न उरलेल्या दोघांत आहे.

‘होमबाऊंड’ नीरज घेवान यांचा, ‘मसान’नंतर दहा वर्षांनी आलेला सिनेमा. मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला. उत्तरेतल्या एका गावातले दोन मित्र, एक मुसलमान, एक दलित. दोघांना पोलीस भरतीत लागायचंय, कारण वर्दी अंगावर आली की कोणी नाव-आडनाव विचारणार नाही अशी त्यांची आशा आहे. मग 2020 चा लॉकडाऊन येतो. मूळ बशारत पीर यांनी लिहिलेला, प्रत्यक्ष घडलेल्या घटनेवरचा लेख. ईशान खट्टर आणि विशाल जेठवा दोघंही उत्तम. त्यातही जेठवा अर्ज भरताना जातीच्या रकान्याशी अडखळतो तेव्हा पोटात कालवतं.

नाशिकमध्ये बसून हा सिनेमा पाहणं सोपं नाही. ती माणसं मुंबई-आग्रा महामार्गाने आपल्या दारावरूनच गेली. 1 मे 2020 ला नाशिक रोडहून भोपाळला श्रमिकांची पहिली गाडी सुटली, पण त्याआधीही आणि नंतरही लोक चालतच होते. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ पाणी आणि बिस्किटं घेऊन उभे राहायचो. एका मुलाने दोन्हीला नको म्हणून मान हलवली आणि मोबाईल पुढे केला. चार्जिंग संपलं होतं, घरी फोन करायचा होता. बंद पंक्चरच्या दुकानातून वायर ओढून तो लावला. वीस मिनिटं तो मुलगा फोनकडे बघत उकिडवा बसून होता. सिनेमा पाहताना मला सारखा तोच दिसत राहिला. तुमच्या घरात कोणी त्या दिवसांत जवळचं माणूस गमावलं असेल, तर आधी सांगून, तयारीने न्या. एरवी हा सिनेमा कोणालाही कळेल असा सरळ आहे. कुठे कुठे जरा जास्तच सरळ आहे: जे चेहऱ्यावर दिसलंय तेच संवादात पुन्हा ऐकू येतं.

‘साबर बोंडं’ याच्या अगदी उलट, तो काहीच बोलून दाखवत नाही. रोहन कानवडे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा आणि यंदा अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. वडील गेले म्हणून मुंबईतला आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात. गावात बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो, तोही लग्न टाळतोय. दोघांच्या प्रेमाची ही गोष्ट आहे. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांचं काम बघताना ते अभिनय करताहेत हे विसरायला होतं. आईचं काम करणाऱ्या जयश्री जगताप यांना तर तोडच नाही. मुलाचं तिला सगळं ठाऊक आहे, आणि चारचौघांत ती त्याच्यासाठी ज्या तऱ्हेने आडोसा होते ते बघताना माझ्या सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, “आई अशीच असते गं.” त्यांना न्यावं की नाही यावर मी दोन दिवस विचार करत होते, ते व्यर्थच होतं.

सिन्नरच्या पुढे, संगमनेरकडच्या माळावर ज्यांनी लहानपणी साबराची बोंडं, म्हणजे निवडुंगाची काटेरी फळं, खाल्लीत त्यांना हे नाव कळायला वेळ लागणार नाही. फडक्यात धरून तोडायचं, मातीत घोळून बारीक कुसळं काढायची, मग सोलायचं. तरी एखादं कुसळ बोटात राहतंच आणि संध्याकाळपर्यंत सलतं. जीभ मात्र लालभडक आणि गोड. हा सिनेमा तसाच आहे.

याला पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी थांबतो आणि माणसं बोलायची थांबली तरी हलत नाही. घरी टीव्हीवर, कुकरच्या शिट्ट्यांत आणि फोनच्या टुणटुणीत ही शांतता टिकणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एकच बघणार असाल तर हा, आणि बुधवारच्या आत. शहरातल्या एका मल्टिप्लेक्सने शनिवारचा सकाळचा शो ‘तिकिटं कमी गेली’ म्हणून ऐनवेळी रद्द केला, आम्ही सात जण दारातून परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा पाहायला मिळाला. ॲपवर शो दिसला की लगेच काढून टाका, आणि अजून दोघा-तिघांना सोबत घ्या. संख्या दिसली तर शो टिकतो.

दोन बघता येत असतील तर आधी ‘साबर बोंडं’, मग ‘होमबाऊंड’. एका दिवशी दोन्ही नकोत, मी तसं केलं आणि दुसऱ्यावर अन्याय झाला. शाळकरी मुलं बरोबर असतील तर ‘दशावतार’च. संध्याकाळचा शो घेणार असाल तर कालिकामातेच्या यात्रेमुळे मुंबई नाक्याकडे गर्दी असते, अर्धा तास आधी निघा. ‘साबर बोंडं’ची पहिली पाच मिनिटं चुकवायची नाहीत.