फोटोतलं सागवान खरं होतं

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. एकूण ४६,४८५ रुपये गेले. पहिले ११,४९९ एका लाकडी जहाजाच्या मॉडेलच्या किटपायी आणि उरलेले ३४,९८६ ते ११,४९९ परत मिळवण्याच्या नादात. पहिल्या रकमेचं दुःख आहे, दुसऱ्या रकमेची लाज आहे. लिहितोय ते दुसऱ्या रकमेसाठी.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ३४ वर्षं पॅटर्नमेकर होतो. बाहेरच्यांना हे काम ठाऊक नसतं. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या भागाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते, ती वाळूत दाबून साचा होतो. कास्ट आयर्न थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून आमची फूटपट्टीसुद्धा तेवढ्या हिशेबाने मोठी असते. सांगायचं कारण, लाकडाच्या बाबतीत मला कुणी टोपी घालेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर लाकडात मला कुणी टोपी घातलीच नाही.

निवृत्त झाल्यावर मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग बघून होडीतून परत येताना नावाडी म्हणाला, "तुम्ही कोल्हापूरचे? मग हा किल्ला तुमच्याच छत्रपतींकडे होता की." गोष्ट खरी आहे. १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेलं, तोवर ते करवीरच्या गादीकडे होतं. ज्या गावाला रंकाळा आणि पंचगंगा सोडून पाणी नाही, त्याचं आरमार होतं! ते डोक्यात राहिलं. घरी येऊन जहाजांबद्दल वाचत सुटलो आणि त्यात 'त्रिंकोमाली' सापडलं. इंग्रजांच्या नौदलाचं फ्रिगेट, म्हणजे तोफांचं लढाऊ जहाज, पण बांधलं मुंबईत, वाडिया या जहाजं बांधणाऱ्या घराण्याच्या हाताखाली, आणि बांधलं सागवानात. १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. या जहाजाचे मूळ नकाशे मुंबईला पोचलेच नाहीत. ते घेऊन निघालेलं 'जावा' नावाचं जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांनी लढाईत संपवलं, मग दुसरे नकाशे पाठवावे लागले. ड्रॉइंग हरवलं म्हणून काम अडलं, ही कथा आम्हा पॅटर्न शॉपवाल्यांना फार जवळची.

तर मनात आलं, हे जहाज आपण करायचं. बायको म्हणाली, "करा, पण हॉलमध्ये भुसा नको."

अशा जहाजांची किटं मिळतात. मधोमध प्लायचा कणा, त्याला आडव्या चौकटी, त्यावर लाकडी पट्ट्यांचे दोन थर. खालचा थर साध्या लाकडाचा, वरचा अक्रोडासारख्या चांगल्या लाकडाचा. पट्टी नाकाकडे जाताना निमुळती करत न्यावी लागते, भिजवून वाकवावी लागते. चांगलं किट इटली-स्पेनहून येतं आणि कस्टम धरून पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातं. तेवढे पैसे घालायची माझी तयारी नव्हती. मोबाईलवर दोन-चार दिवस शोधाशोध केली, आणि मग मोबाईलच मला शोधायला लागला.

जाहिरात अशी होती: 'मुंबईत बांधलेलं ऐतिहासिक जहाज, १:६४, अस्सल सागवान, फक्त ११,४९९'. सोबत सात फोटो. त्या फोटोंवर मी किती वेळ घालवला असेल! लाकडाची रेषा बघितली. नाकाजवळ पट्ट्या कशा निमुळत्या केल्यात ते बघितलं. पट्टीला पट्टी जोडताना लाकडाचे बारीक खुंटे ठोकलेले दिसत होते. डाव्या बाजूला चौथ्या तोफेच्या खिडकीखाली पुटी भरल्याचा एक फिकट डाग होता, तोही मला आवडला. म्हटलं, हे हाताचं काम आहे, कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र नव्हे. आणि ते खरंच हाताचं काम होतं. फक्त ते विकणाऱ्याच्या हातचं नव्हतं.

भाच्याने नंतर तो फोटो गुगल लेन्समध्ये टाकला. अर्ध्या मिनिटात मूळ फोटो समोर. परदेशातल्या कुण्या हौशी माणसाने स्वतः लाकूड कापून, किटबिट न घेता केलेलं मॉडेल होतं ते. मी माल तपासला, दुकान तपासलंच नाही. फौंड्रीत कच्चा माल आला की आधी चलन, म्हणजे सोबतची पावती बघायची, मग माल, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो.

दुकान तपासायला काय लागतं तेही भाच्यानेच दाखवलं. वेबसाईटच्या तळाशी जीएसटी नंबर होता. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. मी मोजले तर १४ भरले. सरकारी पोर्टलवर तो नंबर फुकट तपासता येतो, तिथे काही निघायचा प्रश्नच नव्हता. ऑनलाईन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यायला हवं, असा २०२० पासून नियम आहे. इथे नुसता एक ईमेल. आणि पैसे आगाऊ भरले तर १० टक्के सूट, घरपोच मिळाल्यावर पैसे द्यायची सोयच नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी पुटीचा डाग बघत बसलो होतो.

पार्सल १९ दिवसांनी आलं. जुलै, बाहेर धो धो पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या बेतात आणि मी लहान पोरासारखा खोका फोडतोय.

पहिली गोष्ट, वास. सागवानाला वास असतो, तेलकट, जरा कातड्यासारखा. खोक्यातून जळक्या प्लायचा वास आला. लेसरने कापलेल्या कडा काळ्याकुट्ट. कण्याची फळी काढून मोजली. त्रिंकोमालीचा तोफांचा मजला दीडशे फूट लांब आहे, ६४ ने भागलं तर २८ इंच येतात, आणि कण्याची फळी त्याहून लांबच हवी. हातात होती ती साडेवीस इंच. म्हणजे १:६४ नव्हे, १:८८ च्या आसपास. मग तोफांच्या खिडक्या मोजल्या. त्या मजल्यावर एका बाजूला १४ हव्यात, इथे ११. हे त्रिंकोमाली नव्हतंच! कुठलंतरी भलतंच जहाज, त्याला नावाची पितळी पट्टी तेवढी आमच्या जहाजाची.

नकाशा झेरॉक्सची झेरॉक्स. त्याच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची मोजपट्टी छापलेली असते, ती माझ्या पट्टीने ९३ भरली. चौकटी बसवायच्या खाचा ४ मिलिमीटरच्या, प्लाय ५ चा. कुणाच्यातरी किटवरून चोरून, मोजमाप न करता मारलेली नक्कल. एवढं सगळं दिसत असूनही मी स्वतःची समजूत घालत होतो, की खाचा कानसीने वाढवता येतील, पट्ट्या तरी सागाच्या आहेत ना. चार पट्ट्या गरम पाण्यात टाकल्या. दहा मिनिटांनी बघतो तर पाणी चहासारखं लाल आणि पट्ट्या पांढऱ्याफटक. रंग लावलेलं हलकं लाकूड. वाकवायला गेलो तर चारातल्या तीन कटकन मोडल्या, कारण रेषा आडवी गेलेली.

बायको दारात उभी होती. काही बोलली नाही, भांडं तेवढं उचलून नेलं.

ईमेल केला. उत्तर तासाभरात आलं, फार गोड. 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, १५ टक्के परत देतो, वस्तू ठेवून घ्या.' मी नाही म्हटलं. दोन दिवसांनी २५ टक्के. मग पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो माझ्याकडे नव्हता. मग फोटो मागितले, ते पाठवले तर म्हणाले स्पष्ट नाहीत. असं करत करत आठवा दिवस उजाडला आणि उत्तर आलं, की परत करायची सात दिवसांची मुदत संपली. वेळ काढायचा, एवढाच त्यात हेतू होता. कुरियरच्या नोंदीत 'डिलिव्हर्ड' असतं, खोक्यात काहीतरी असतं, त्यामुळे तक्रार करताना आपणच अडखळतो. रिकामा खोका आला असता तर मी त्याच दिवशी ओरडलो असतो.

इथे थांबलो असतो तर साडेअकरा हजारांवर निभावलं असतं. ग्राहक हेल्पलाईन आहे, १९१५, तिथे तक्रार टाकायची होती. पण डोक्यात सणक गेलेली. मिस्त्रीला असा माल पाठवतो? फोन करून शिव्या घालायच्या ठरवल्या आणि दुकानाचा फोन नंबर गुगलवर शोधला. वेबसाईटवर नसलेला नंबर गुगलवर पहिल्याच ओळीत मिळाला! याचं नवल त्या क्षणी वाटायला हवं होतं.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलला, अंकलजी अंकलजी करत. माझी बाजू त्याला एकदम पटली. "आपके साथ गलत हुआ है." इतक्या दिवसांत असं म्हणणारा तो पहिला माणूस, घरातलेसुद्धा धरून. त्याने एक ॲप पाठवलं, रिफंडचा फॉर्म म्हणून. ते फॉर्म नव्हतं, त्यातून माझ्या मोबाईलचा पडदा त्याला दिसत होता. मग म्हणाला, यूपीआय उघडा, हा आयडी टाका, आता खालच्या चौकोनात तुमचा रिफंड कोड टाका, दोन चार नऊ आठ सात. मी टाकला. व्हेरिफिकेशनसाठी पिन. टाकला.

तो चौकोन रकमेचा होता. २४,९८७ रुपये गेले.

मेसेज आला तसं मी म्हटलं, "अहो, पैसे कट झाले." तो म्हणाला, उलटी एंट्री पडली, दोन्ही रकमा एकत्र परत येतील, नवा कोड घ्या, नऊ नऊ नऊ नऊ. आणि मी तोही टाकला. हे वाचून हसू येत असेल तर हसा. जाग यायला दुसऱ्या मेसेजपर्यंत वेळ लागला, आणि तोवर फोन बंद झाला होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो, हे मला माहीत होतं. भाजीवाल्याला रोज देतो की पैसे. पण 'कोड' म्हटल्यावर आकडा आकडा राहिला नाही.

आता खरी चूक. ही शनिवारची संध्याकाळ. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तेव्हाच फोन केला असता, तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अडवायची बरीच शक्यता होती, कारण पुढे ते तासाभरात या खात्यातून त्या खात्यात फिरतात. मी केला सोमवारी सकाळी. का? लाज. रविवारभर रंकाळ्यावर चकरा मारल्या. जुना जोडीदार भेटला, विचारलं, "काय मिस्त्री, जहाज कुठवर आलं?" म्हटलं, "चाललंय." घरीही बोललो नाही. सोमवारी बायकोने चेहरा बघून विचारलं, तेव्हा सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "काल का नाही बोलला?" तिच्याच पुढ्यात बसून फोन लावला.

तक्रार नोंदली गेली, सायबर पोलिसांत जबाब झाला, व्यवहाराचे नंबर, स्क्रीनशॉट, खोक्यावरचं लेबल सगळं दिलं. लेबलावर पाठवणाऱ्याचा पत्ता अर्धाच, किंमत ९०० रुपये आणि वर्णन 'खेळणी'. ३४,९८६ पैकी साडेसहा हजार एका खात्यात गोठवलेले सापडले, तेही हातात आलेले नाहीत. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. त्यावर मला उत्तर नव्हतं. ते ॲप काढलं, पिन बदलला, आणि यूपीआयला आता वेगळं खातं जोडलंय ज्यात दोन-तीन हजारांच्या वर पैसे ठेवत नाही.

किट माळ्यावर आहे, पोलिसांनी मागितलं तर असावं म्हणून. टिंबर मार्केटमधून जुन्या वाड्याच्या चौकटीचा एक सागाचा तुकडा आणलाय, दोनशे रुपयांत. त्याच्या पट्ट्या काढायला घेतल्यात, कणा २८ इंचांहून जरा जास्तच ठेवलाय. वास सगळ्या घरभर, आणि भुसा हॉलमध्ये.

गेल्या बुधवारी तीच जाहिरात परत आली. दुकानाचं नाव नवं, किंमत पाचशेने कमी. फोटो तेच सात. डाव्या बाजूला, चौथ्या खिडकीखाली, पुटीचा तो डाग आहे. जीएसटी नंबर मात्र या वेळी पंधराच्या पंधरा अक्षरांचा आहे. पोर्टलवर टाकून बघितला, तर तो निघाला दुसऱ्याच कुण्या कपड्याच्या दुकानाचा.