आखूड केसांच्या कुत्र्याचं ‘ट्रिमिंग’: माझे ७,६०० रुपये

लाज वाटते लिहायला, पण ओळखीतल्या आणखी दोघी घरी येऊन कुत्र्यांचे केस कापणाऱ्या त्याच माणसाला फोन लावायच्या बेतात होत्या, म्हणून लिहिते.

आमचा बंड्या लॅब्राडोर. आखूड केस, म्हणजे गळत नसतील, असं ज्यांना वाटतं त्यांनी काळी पँट घालून आमच्या सोफ्यावर बसून दाखवावं. त्यात बाळ नुकतं रांगायला लागलेलं. दिवसभर त्याच्या मुठीतून केसांचे पुंजके सोडवायचे. अशात कोणी ‘केसगळती कायमची बंद’ म्हटलं, की माणूस शहाणपण गुंडाळून ठेवतो. मी ठेवलं.

सहा वेळांचं पॅकेज, मूळ दर ७,२००, ‘आजच भरलेत तर’ ५,४००. पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. आधी पैसे, मग माणूस. एका वेळेचेच पैसे द्या, तेही काम झाल्यावर!

तो आला. मोबाइलवर त्याने ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो दाखवले, तेव्हाच कळायला हवं होतं. सगळी झिपरी, लांब केसांची कुत्री. एक लॅब नाही, बीगल नाही, पग नाही. बॅगेत साधा रबरी ब्रशसुद्धा नाही, नुसतं मशीन. मी विचारलंही, “याला मशीन लागतं का?” तर म्हणे, “मॅडम, मुळापासून काढलं की गळणार काय?” आणि मला ते पटलं. वर सीरमचे ८५० दिले. बाटलीवर ना घटक, ना तारीख.

पाऊण तास मशीन थांबलं नाही. मध्येच त्याने ब्लेड स्वतःच्या मनगटाला टेकवून पाहिलं आणि हात झटकन मागे घेतला. एक फुंकर मारली आणि तेच ब्लेड बंड्याच्या पोटाला लावलं. बंड्या कळवळला. मी दोन हातांवर उभी. म्हणाले काय, तर “बंड्या, शहाण्यासारखा उभा राहा.” हे आठवलं की अजून झोप लागत नाही.

संध्याकाळी पोटावर आणि मांडीच्या आत लाल चट्टे. डॉक्टरांचे १,३५०, बोलणी वेगळी. लॅबच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली दाट लव. थंडी, पाणी, ऊन यांपासून तेच सांभाळतात. गळती आपल्या चक्राने होते, कापून ती थांबत नाही. उलट मुळाशी कापलेले केस कधीकधी महिनोन्महिने उगवत नाहीत. रबरी ब्रशने रोज पाच-दहा मिनिटं घासा, नखं कापा, कान बघा. झालं ग्रूमिंग. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर! (सांगितलं होतं. नवऱ्याने. तो विषय नको.)

दुसऱ्या वेळेच्या दिवशी फोन बंद.

पोलिसांत गेले. “कुत्र्याचे केस कापले म्हणून तक्रार?” शेजारच्या टेबलावरचेही हसले. पैसे तुम्हीच पाठवलेत ना, मग बँकेत जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. ग्राहक तक्रारीला फोन केला, चाळीस मिनिटं धून ऐकली, मग प्रश्न आला: पावती आहे? पावती असती तर तुम्हाला कशाला फोन केला असता, बाई? पुन्हा ठाण्यात गेले, तर पहिले साहेब रजेवर आणि अर्ज सापडत नाही. एकाने विचारलं, बंड्या वाचला ना, मग झालं तर. म्हणजे तो मेल्यावर यायचं होतं का? त्या नंबरवर आधीही तक्रारी आल्यात का, एवढं तरी बघा म्हटलं. ‘बघू’ म्हणाले. दोन महिने बघताहेत.

पावती घ्या. माणसाचा फोटो काढून ठेवा. ब्लेड तापलंय का, ते आधी तुमच्या मनगटाला लावून बघा, आणि कुत्रा कळवळला की मशीन बंद करायला लावा, भिडेखातर गप्प बसू नका.

बंड्याच्या पाठीवर तळहाताएवढा पट्टा अजून बिनकेसांचाच आहे. बाकीचे केस गळताहेतच. फक्त आता ते आखूड, टोचरे झालेत, सोफ्यात रुततात आणि झाडूलाही येत नाहीत.