ऑनलाइन मागवलेले कोऱ्या नाण्यांचे रोल: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून आतापर्यंत तीन विक्रेत्यांकडून मिळून सात रोल (नाण्यांच्या वळकट्या) मागवले. पाच ठीक निघाले, एक बरा, एक सरळ फसवणूक. पाचपैकी साडेतीन तारे देतो, आणि तेही मी दुकानदार आहे म्हणून. नोकरदार असतो तर अडीच दिले असते.

चिपळूणला माझं औषधाचं दुकान आहे. गल्ल्यात रोज नाणी येतात, पण दहा हात फिरून, मळून. बँकेत कोरी थैली मिळते का म्हणून दोन-तीनदा विचारून पाहिलं. कॅशियरनी सुटे दिले खरे, पण ते बहुधा शेजारच्या पानवाल्यानंच आदल्या दिवशी भरलेले. मुंबई-पुण्याच्या मंडळींना प्रदर्शनं आहेत, ओळखी आहेत. टाकसाळीची स्वतःची साइट आहे, पण तिथं स्मारक नाण्यांचे डबीतले संच, आणि किंमतही तशीच. मला संग्रहासाठी हवी होती चलनातलीच साधी नाणी, फक्त एकाही गिऱ्हाइकाचा हात न लागलेली.

एक गोष्ट मला दुसऱ्या रोलनंतर कळली, ती आधी कळायला हवी होती. आपल्याकडे कागदी रोल हा विक्रेत्याच्या हातचा उद्योग आहे. टाकसाळीतून नाणी पाकिटात, थैलीत भरून निघतात. ती फोडून पन्नास-पन्नासची वळकटी करतो तो विक्रेता. तेव्हा जाहिरातीत ‘सीलबंद’ लिहिलेलं असतं ते सील त्याच्या सेलोटेपचं.

पहिला रोल २० रुपयांच्या नाण्यांचा, ५० नग, हैदराबाद टाकसाळीचा. किंमत १,३४० आणि टपालाचे ११०. फोडण्याआधी काट्यावर ठेवला. एक नाणं ८.५४ ग्रॅमचं, म्हणजे पन्नासाचे ४२७ व्हायला हवेत. कागदासकट ४३१ भरले. मोजणी बरोबर. (ही सवय लावून घ्या. १० रुपयांचं हल्लीचं नाणं ७.७४ ग्रॅमचं, पन्नासाचे ३८७.) मग दुकान बंद झाल्यावर काउंटरवर फडकं अंथरलं आणि टेप कापली. बाराकोनी नाणी एकमेकांवर नीट बसत नाहीत, त्यामुळे कागद निघताच ती खळकन पसरली. एक कडेनं उचलून बल्बखाली हळूहळू तिरकं केलं, तर उजेडाची आरी चाकासारखी नाण्यावरून फिरत गेली. वापरलेलं नाणं कितीही घासा, ते चाक परत येत नाही. कोरं ओळखायची माझ्यापुरती हीच खूण.

पण यूएनसी (अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं) म्हणजे निर्मळ नव्हे. थैलीत नाण्यावर नाणी आदळतात, त्यांचे टोचे पडतातच. भिंगाखाली पाहिल्यावर पन्नासातली सहाच ठेवण्याजोगी वाटली. पुढच्या रोलांतही साधारण हेच प्रमाण राहिलं. पन्नासच्या पन्नास चकाचक मिळतील या आशेनं मागवू नका.

टाकसाळीच्या चिन्हाचा घोळही सांगतो. सालाखाली चांदणी असेल तर हैदराबाद, शंकरपाळीसारखी चौकट असेल तर मुंबई, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. जाहिरातीत फोटो एका टाकसाळीचा आणि रोल दुसरीचा, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं. २०२२च्या अमृतमहोत्सवी मालिकेतल्या ५ रुपयांचा मुंबई रोल मागवला, आला नोएडा. विक्रेता म्हणाला, “सर, नाणं तर तेच आहे ना!” जमवणाऱ्याला असं सांगणं म्हणजे हापूस मागितल्यावर पायरी देऊन ‘आंबाच आहे ना’ म्हणण्यासारखं. आता ऑर्डरच्या आधी चिन्ह लेखी विचारतो. उत्तर टाळणाऱ्याकडून घेत नाही.

फसवणूक झाली ती माझ्याच हौसेपायी. १९९९ सालचं छत्रपती शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं नाणं आठवत असेल, अकरा कोनांचं, तांबं-निकेलचं. लहानपणी ते हाती आलं की खर्चायचं जिवावर यायचं. त्याचा पंचवीसचा ‘यूएनसी रोल’ १,१०० रुपयांना दिसला आणि मी मागचापुढचा विचार केला नाही. दोन्ही टोकांची नाणी कोरी होती. मधली तेवीस चलनातून काढून घासलेली! चमकत होती, पण ती चमक सगळीकडून सारखी, पितळी तांब्यासारखी. भिंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे, आणि अक्षरांच्या खाचांत मळ तसाच. वजन मात्र चोख, त्यामुळे काट्यानं इथं काहीच सांगितलं नाही.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: उघडलेला रोल परत घेत नाही. आता न उघडता आत काय आहे ते कुणाला दिसणार? सुदैवानं पाकीट कापल्यापासून शेवटच्या नाण्यापर्यंतचा व्हिडिओ मुलीनं काढला होता, न थांबवता. त्यावर एकोणिसाव्या दिवशी पैसे परत आले. टपालखर्च गेला तो गेला. याच काळात एक फोनही आला, रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून: तुमची जुनी नाणी लाखांत घेतो, आधी नोंदणी फी भरा. असल्या लोकांपासून सावध राहा असं बँकेनं २०२१मध्येच जाहीर केलंय. मी फोन ठेवला.

सांभाळण्याचं कोकणात फार मनावर घ्यावं लागतं. एक रोल मऊ प्लॅस्टिकच्या नळीत आला होता, तो तसाच ठेवला. मिरग लागला आणि पंधरा दिवसांत कडांना हिरवट चिकट थर. तो त्या प्लॅस्टिकमधल्या पीव्हीसीचा. शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून निघाला (नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात इतर भानगडी असतात). आता निवडलेली नाणी पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये, होल्डर हवाबंद डब्यात, आणि डब्यात गोळ्यांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. आमच्या धंद्याचा एवढा फायदा. तोटाही झाला: सुरुवातीला दुकानातले पावडरवाले हातमोजे घालून नाणी हाताळली, दोनांवर पांढुरके डाग राहिले.

रोल न फोडता तसेच ठेवणारेही आहेत. पुढेमागे भाव येईल म्हणतात. मला ते पटत नाही, कारण बंद रोल विकत घेणं म्हणजे आतल्या नाण्यांवर नव्हे, त्या सेलोटेपवर विश्वास ठेवणं. आणि न फोडता मजा कसली? चौथ्या रोलमध्ये मला १० रुपयांचं एक नाणं मिळालं, ज्याची पुढची बाजू सरळ धरून उलटल्यावर मागची साधारण वीस अंश कललेली दिसते, टाकसाळीची चूक. बंद ठेवला असता तर ते आजही आतच पडून असतं.

आता दुकानदारीचा मुद्दा. निवडून उरलेली चव्वेचाळीस नाणी मी गल्ल्यात टाकतो, ती सुटे म्हणून जातात. त्यामुळे पहिल्या रोलवर माझा खरा खर्च दर्शनी किमतीच्या वरचे ४५० रुपये, म्हणजे ठेवलेल्या प्रत्येक नाण्यामागे पंचाहत्तर. शौक म्हणून परवडतं. ज्याला चव्वेचाळीस नाणी भाजीवाल्याकडे नि रिक्षात खपवायची आहेत, त्यानं आधी विचार करावा. कारण लोक अजून घेताना बिचकतात. १० रुपयांची चौदाही डिझाइनं चालतात असं रिझर्व्ह बँकेनं २०१८मध्ये सांगितलं, तरी परवा एका आजींनी माझ्या हातातलं कोरं २०चं नाणं उलटसुलट करून पाहिलं आणि परत काउंटरवर ठेवलं.

“एवढं चमकतंय म्हणजे खोटं असणार, मेल्या. मला नोटच दे.”

दिली.