डेक बंद होण्याआधी आत बघून घ्या

नवी मुंबईतल्या दिवाळ्याच्या खाडीत मेहुणा आणि मी वापरतो ती होडी अ‍ॅल्युमिनियमची, बारा फुटी. तळ मोकळा असल्यामुळे उभं राहून जाळं टाकताना पाय घसरायचा. म्हणून सपाट डेक, त्याखाली होडी तरती ठेवणारा फोम आणि इंजिन अडकवायला मागची नवी फळी, एवढं काम टीटीसी एमआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरला दिलं. बोलणं अगदी स्पष्ट होतं: खाऱ्या पाण्यात टिकणारा 5083 ग्रेडचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पाणी न पिणारा क्लोज्ड सेल फोम, 316 स्टेनलेसचे नटबोल्ट, आर्गन वेल्डिंग, मरीन प्लायची फळी. पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. 85 हजार ठरले, त्यातले 60 आगाऊ घेतले.

31 जुलैला पावसाळी मासेमारी बंदी उठते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत आम्हाला होडी हवी, हे त्याला पक्कं ठाऊक. बघायला येतो म्हटलं की कधी आर्गनचा सिलिंडर संपलेला, कधी शेडमध्ये पाणी भरलेलं. मग एका संध्याकाळी अचानक फोन आला, रंगासकट तयार आहे, टेम्पो घेऊन या.

काही आठवड्यांत होडी एका अंगाला झुकायला लागली. मेहुणा म्हणाला, "भावजी, हिच्या पोटात पाणी हाय."

रिव्हेट ड्रिल करून डेक उचललं. फोमच्या जागी फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचे तुकडे! पेट्रोल सांडलं होतं तिथे त्याचा चिकट लगदा झालेला, कारण पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळतं. पाणी निघायला भोकच ठेवलं नव्हतं. असं कोंडलेलं पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं, त्यात डेकवर उभी माणसं. फोमही नुसता तळाला भरून भागत नाही, दोन्ही बाजूंना वरपर्यंत लागतो, नाहीतर पाणी भरलेली होडी उलटी होऊन तरंगते.

डेकखालचे आडवे दांडे म्हणजे स्लायडिंग खिडकीचं सेक्शन निघालं, रुळाच्या खाचेसकट. नटबोल्टना चुंबक खटकन चिकटलं, म्हणजे ते 316 स्टेनलेसचे नव्हतेच, प्लेटिंग केलेलं लोखंड होतं. ते चकचकीत प्लेटिंग उडालं होतं आणि भोकांभोवती पांढरी भुकटी जमली होती. खाऱ्या पाण्यात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून राहिले की आधी झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे आपली होडी. वेल्डिंगच्या जागी रंगाखाली पुट्टी होती. मागची फळी शटरिंगच्या प्लायची, आणि इंजिनाचा सगळा जोर तिच्यावरच येतो. सर्टिफिकेट मात्र अस्सल होतं, फक्त आमच्या पत्र्याचं नव्हतं. त्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक, पत्र्यावरही छापलेला असतो. पत्रा कापण्याआधी दोन्हींचा एकत्र फोटो मागा. जो द्यायला कुरकुर करेल त्याला काम देऊ नका.

जाब विचारला तर उत्तर मिळालं, "पाण्यात गेल्यावर गॅरंटी नसते, शेठ." मग होडी काय गच्चीवर चालवायची? हातात कच्ची पावती, तिच्यावर 'अ‍ॅल्युमिनियम वर्क' एवढंच. काय काय ठरलं होतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी होतं म्हणून बरं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगात तक्रार टाकली आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवर बोललात तर पुढचा रस्ता कळतो.

नव्या कारागिराला निम्मे पैसे डेक बंद होण्याआधी तपासणी झाल्यावरच देणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं. वेल्ड तपासायला त्याने जुना उपाय केला: एका बाजूला खडूचं पाणी फासून वाळवलं, दुसऱ्या बाजूने रॉकेल लावलं. बारीकशी चीर असली तरी खडूवर डाग उमटतो. दोन जागी उमटला, त्याने तिथे घासून पुन्हा वेल्ड मारला. रंग त्यानंतर.

परवा त्या जुन्या शेडबाहेर दुसरी एक होडी दिसली, डेक अजून बसायचं होतं. मालक तिथेच उभा होता. त्याला माझ्या मोबाइलमधले थर्माकोलचे फोटो दाखवले आणि खिशातलं चुंबक देऊन टाकलं.