कागद आधी की टोकन आधी? ठाणे-नवी मुंबईत जुना फ्लॅट विकणाऱ्यांसाठी

राहता फ्लॅट विकायला काढला की दोन रस्ते असतात. फाइल पूर्ण करून मगच एजंटच्या हाती चावी द्यायची, किंवा गिऱ्हाईक आलं की टोकन (सौदा पक्का करणारी छोटी आगाऊ रक्कम) घ्यायचं आणि करारासाठी ठरलेल्या ४५-६० दिवसांत कागद गोळा करायचे. दुसऱ्या रस्त्याने जाणारे पुष्कळ. तो चुकीचाच असतो असं नाही, पण कोणत्या घराला तो झेपतो हे आधी तपासावं लागतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा, विकासकाला बांधतो. स्वतःचा जुना फ्लॅट विकणाऱ्या मालकाला नाही. त्याला लागू होतं ते मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५५. मालमत्तेत किंवा मालकी हक्कात असलेला महत्त्वाचा दोष तुम्हाला माहीत आहे आणि खरेदीदाराला साध्या चौकशीत कळणार नाही, तर तो तुम्हीच सांगायचा. मागितल्यावर हक्काची कागदपत्रं दाखवायची, विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर भरायचे. दोष सांगायचा छापील फॉर्म नाही, म्हणून बंधन नाही असा समज मात्र पसरलेला आहे. प्रत्यक्षात तुमची तपासणी खरेदीदाराची बँक करते, आणि तिच्या वकिलाची यादी कलमापेक्षा लांब असते.

टोकन आधी घेतलं तर

फायदा उघड आहे. भाव ठरतो, गिऱ्हाईक बांधलं जातं, विक्री होणार की नाही हे कळण्याआधी वकील-झेरॉक्सवर खर्च होत नाही. एकच मालक, बिल्डरकडून थेट घेतलेला फ्लॅट, कर्ज नाही किंवा फिटलेलं, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा नियोजन प्राधिकरणाचा दाखला) हातात: अशा घराला हा रस्ता चालतो.

बिघडतं ते साखळीत. घर तिसऱ्या हाती असेल तर पहिला, दुसरा आणि तिसरा असे सगळे मूळ करार, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा गोषवारा) लागतात. मधला एक करार हरवलेला निघाला की पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल, प्रतिज्ञापत्र; महिना सहज जातो. जुन्या करारांचं आणखी एक दुखणं: मुद्रांक भरलाय, पण दस्त नोंदवलेलाच नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला न्यावा लागतो. ती मुदत कधीच गेलेली असल्याने मग खातरजमेचा दस्त (जुना व्यवहार पुन्हा मान्य करणारा नवा दस्त) करायचा आणि त्यासाठी पूर्वीच्या विक्रेत्याला शोधत फिरायचं. हे टोकनची मुदत चालू असताना करायचं म्हणजे खरेदीदाराच्या हातात घासाघीस करायला आयतं कारण देणं.

दुसरी ठेच बँकेने पाठवलेल्या मूल्यांककाची. त्याच्या हातात मंजूर नकाशा असतो आणि तो हॉलच्या खिडकीखाली बघतो. फ्लॉवर बेड आत घेऊन सोफा ठेवलाय, ड्राय बाल्कनीत ओटा वाढवलाय, हे तो लिहून नेतो. त्या जागेचं मूल्य बँक धरत नाही, कर्जाची रक्कम खाली येते. जाहिरातीत एजंटने तोच भाग चौरस फुटांत मोजलेला असतो. करारात ‘बिल्ट-अप’ (भिंतींसकट) क्षेत्रफळ आहे की ‘कार्पेट’ (भिंतींच्या आतलं) ते बघा आणि तोच आकडा सांगा.

पार्किंगचंही तसंच. स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा बिल्डर फ्लॅटसारखी विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. आणि सोसायटीने वाटून दिलेली जागा सभासदाला स्वतः विकता येत नाही. ‘एक कव्हर्ड पार्किंगसह’ असं टोकनच्या पावतीवर लिहिलंत तर तुम्ही जे देऊ शकत नाही ते विकलंत.

फाइल आधी केली तर

वेळ जातो. शिवाय काही कागद दुधासारखे असतात, लवकर आणले तर नासतात. बँकेचं फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं) हे त्यातलं पहिलं: रोजचं व्याज चढत असल्याने त्यातला आकडा थोडे दिवसच चालतो. सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला पुढचं बिल निघालं की शिळा.

म्हणून फाइल आधी याचा अर्थ सगळंच आधी असा नाही. कर्ज चालू असेल तर आज मागायची ती बँकेकडे जमा कागदांची यादी, एलओडी. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावेत आणि उशीर बँकेचा असेल तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. तरी ते ३० दिवस तुमच्या मुदतीतून वजा करूनच ताबा कबूल करा.

सोसायटीबाबत लोक उगाच घाबरतात, आणि कमिट्याही घाबरवतात. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणाच्या इराद्याची १५ दिवसांची नोटीस द्यायची असते. ना-हरकत दाखला अनिवार्य नाही. बँक मागते म्हणून तो लागतो, आणि अर्जावर निर्णय घ्यायला कमिटीला महिना असतो. हस्तांतरण फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये, सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम जास्तीत जास्त २५,०००. ‘बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी’ म्हणून लाखभर मागितले तर लेखी मागणी मागा. हे बोलणं दोन महिने आधी झालं तर जमतं. रजिस्ट्रेशनच्या आदल्या आठवड्यात कोणी भांडत बसत नाही, पैसे देऊन मोकळं होतात.

मालक हयात नसेल तर फाइल आधीच, यात पर्याय नाही. नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट झालं तरी बाकी वारसांचा हक्क संपत नाही. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं. एखादी बहीण परदेशात असेल तर तिचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून मागवायचं आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायचं.

ठाणे आणि नवी मुंबई यांत फरक कुठे

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीपासून घोडबंदरपर्यंत बहुतेक प्रश्न भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावे होणं) आणि करारांच्या साखळीभोवती फिरतात. सोसायटीच्या नावे जमीन झालीय का, हे बँकेचा वकील प्रॉपर्टी कार्डावरून किंवा सातबाऱ्यावरून बघतो.

खाडी ओलांडली की जमीन बहुतांशी सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्याची. वाशी, नेरूळ, खारघर कुठेही असा, भाडेपट्ट्याच्या अटीनुसार सिडकोची हस्तांतरण परवानगी आणि शुल्क लागत असेल तर सोसायटीच्या पत्रावर भागत नाही. सिडकोने बांधलेल्या जुन्या घरांत तर कुलमुखत्यारपत्रावर दोन-तीनदा हात बदललेली घरं सापडतात. असं मुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. अशा घराचं टोकन आधी घेतलंत तर मूळ वाटपधारकाला किंवा त्याच्या वारसांना शोधण्याचं काम मुदतीच्या आत करावं लागेल. साडेबारा टक्के योजनेच्या (जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना सिडकोने दिलेल्या) भूखंडावर इमारत असेल तर भाडेपट्ट्याची प्रत पहिली काढा. गावठाणातल्या, भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत कर्ज काढणारं गिऱ्हाईक मुळात टिकत नाही, तेव्हा एजंटला ते आधीच सांगा आणि भाव त्या हिशेबाने ठेवा.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, आणि पाच मिनिटांची. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तुमचं पॅन आधारशी न जोडल्याने निष्क्रिय असेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजारांऐवजी १६ लाख. संयुक्त मालकीत प्रत्येकाचं पॅन तपासा. आईचं किंवा सासऱ्यांचं हमखास राहिलेलं असतं.

निर्णय करायचा तो असा: नवी मुंबईतलं घर, वारसाहक्काचं घर किंवा दोनपेक्षा जास्त करारांची साखळी, यांतलं एकही असेल तर फाइल आधी. बाकीच्यांनी टोकन खुशाल घ्यावं, फक्त पावतीवर ‘विक्रेत्याच्या कागदांत त्रुटी निघाल्यास टोकन बिनव्याजी परत’ ही ओळ लिहावी आणि मुदत ६० दिवसांऐवजी ९० ठेवावी.